फायबर आलं, पण डब्यापर्यंत: नागपूरच्या बाहेरच्या लेआऊटमधली इंटरनेट सेवा

बेसा, बेलतरोडी, पिपळा, हुडकेश्वर-नरसाळा, बहादुरा, गोधनी, हिंगणा रोडकडचा डिगडोहचा भाग. या पट्ट्यात नवं घर बांधून राहायला आलेल्या माणसाचा पाण्यानंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: इथे नेट कोणाचं येते? शेजारी सांगतात, केबलवाल्याला विचारून घ्या. केबलवाला सांगतो, शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, उद्या येऊन लावून देतो. पुढे सहा महिने दिवसा ठीक चालतं, रात्री नऊला गोल चक्र फिरतं आणि पाऊस आला की लाल लाइट लागतो.

इथे एखाद्या कंपनीला पाचपैकी तारे देऊन भागत नाही, कारण एकाच कंपनीची सेवा मनीषनगरात उत्तम आणि दीड किलोमीटरवर रडतखडत चालू शकते. खांबावरच्या डब्यापासून (इथून फायबर घरोघरी वाटलं जातं) घरातल्या पेटीपर्यंतचे (फायबरमधल्या प्रकाशाचं नेट करणारं यंत्र) शेवटचे दोन-तीनशे मीटर कोणी, कशाने आणि किती घाईत ओढले, यावर सगळं ठरतं. म्हणून परीक्षण त्या तुकड्याचं.

आधी दर उरकून टाकू, कारण लोक सर्वात जास्त वेळ तिथेच घालवतात. मोठ्या कंपन्यांचे सुरुवातीचे प्लॅन ३० ते ४० एमबीपीएसचे, ३९९ ते ४९९ रुपयांचे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४९९ चे हातात ५८८ रुपये ८२ पैसे पडतात. 'अनलिमिटेड'च्या खाली बारीक अक्षरांत बहुतेक ठिकाणी महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. तिची काळजी करू नका. फोर-के व्हिडिओला तासाला सात जीबी धरले तरी रोज पंधरा तास टीव्ही चालू ठेवावा लागेल. आणि जाहिरातीतल्या 'ब्रॉडबँड' या शब्दाला भुलू नका. सरकारी व्याख्येत जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळालं की ते ब्रॉडबँड. त्याआधी तर ५१२ केबीपीएसवर भागत होतं.

आता मुद्द्याचं. घरापर्यंतच्या फायबरमध्ये कंपनीच्या ओएलटी यंत्रातून (केबलवाल्याच्या खोलीतलं मुख्य यंत्र) निघालेला प्रकाश वाटेत स्प्लिटरमध्ये वाटला जातो आणि प्रत्येक वाटणीला कमी होतो. हिशेब सोपा आहे. ओएलटीतून साधारण अधिक ३ डीबीएम निघतात (डीबीएम म्हणजे प्रकाशाच्या ताकदीचं माप, डीबी म्हणजे त्यातली घट; उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). एकाचे आठ करणारा स्प्लिटर साडेदहा डीबी खातो. मुख्य रस्त्यावर एक आणि लेआऊटच्या तोंडाशी एक असे दोन लागले की २१ डीबी गेले. चार किलोमीटर फायबरचा एक-सव्वा डीबी, जोड आणि कनेक्टरचे दीड-दोन. घरात उरले उणे २१ च्या आसपास. जीपॉन या घरोघरच्या फायबरच्या नेहमीच्या पद्धतीतल्या पेटीची पकड उणे २७ पर्यंत असते. उणे १५ ते उणे २४ असेल तर निवांत राहा. उणे २५ च्या खाली गेलं की आज चालेल, पावसाळ्यात चालेलच असं नाही.

नव्या लेआऊटमध्ये गडबड नेमकी इथे होते. डब्यातले आठही पोर्ट भरलेले असतात आणि नववं घर दारात उभं असतं. नवा डबा मंजूर करून घेण्यापेक्षा भरलेल्या पोर्टवरच एकाचे चार करणारा छोटा स्प्लिटर टांगणं सोपं. तो सात डीबी खातो. उणे २१ मधून सात गेले की उणे २८, म्हणजे पेटीच्या पकडीबाहेर. लाइनमन मग दोन-चार कनेक्टर बदलून कसंबसं उणे २६ वर आणतो, लाइट हिरवा होतो आणि सांगून जातो, "लाइट बरोबर येऊन राह्यली ना भाऊ, तुमचा राउटरच खराब हाय." राउटर बिचारा ठणठणीत असतो.

म्हणून जोडणीच्या दिवशी एकच आग्रह धरा: पॉवर मीटर लावून आकडा दाखवा. मीटर १४९० नॅनोमीटरवर असावा, कारण जीपॉनचा घराकडे येणारा प्रकाश त्याच तरंगलांबीचा असतो. मीटर आणलेला नसेल तर पेटीच्या पानावर जा. पेटीला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा स्टिकरवर दुसरा पत्ता असेल तर तो टाका, पेटीखालच्या स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड द्या, 'स्टेटस'मध्ये 'पॉन' किंवा 'ऑप्टिकल' शोधा. तिथे 'आरएक्स पॉवर', म्हणजे पेटीला मिळणारा प्रकाश, लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून तारखेसह जपून ठेवा. तीन महिन्यांनी नेट रखडलं आणि उणे २० चं उणे २५ झालेलं दिसलं, तर बिघाड बाहेरच्या तारेत आहे हे फोनवर दोन वाक्यांत सांगता येतं. 'नेट स्लो आहे' या तक्रारीवर पेटी बंद-चालू करण्याचा सल्ला मिळतो. 'आरएक्स पाच डीबीने पडलंय' या तक्रारीवर माणूस येतो.

कनेक्टरकडेही डोळे उघडे ठेवून पाहा. फायबरच्या टोकाला हिरवी टोपी असते किंवा निळी. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं, निळ्याचं सपाट. हिरवं निळ्यात घुसवलं तर बसतं, पण मध्ये फट राहते आणि तीन-चार डीबी फुकट जातात. शिवाय टोकं खराब होतात. पिशवीत त्या दिवशी जे सापडलं ते लावण्याची सवय या धंद्यात आहे. दुसरं, घरातलं टोक मशिनने वितळवून जोडलंय की दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर वापरलाय, तेही बघा. वितळवलेला जोड एक दशांश डीबीही खात नाही. फास्ट कनेक्टर नीट बसला तर तीन ते पाच दशांश, घाईत बसवला तर एक-दोन डीबी, आणि उन्हाळ्यात आतलं जेल वाळलं की त्याहून जास्त. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा किंवा पश्चिमेच्या भिंतीवरचा डबा किती तापतो हे सांगायला नको. एक जोड वितळवून घ्यायला वेगळे पैसे मागितले तरी द्या.

तिसरी गोष्ट वाकण. साध्या जी-६५२ फायबरला तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ वळण चालत नाही. जी-६५७-ए-२ फायबर पाऊण सेंटिमीटरपर्यंत सोसतं. घरात येणारी केबल दुसऱ्या जातीची हवी, आणि जात केबलच्या अंगावर छापलेली असते. इथे एक खास नागपुरी अपघात होतो. केबल आत घ्यायला सर्वात सोपी जागा म्हणजे खिडकी, आणि मार्चमध्ये त्याच खिडकीत कूलर बसतो. स्टँडच्या कडेखाली केबल चिमटते, वर पाणी ठिबकतं, मोटारीची थरथर दिवसभर लागते. एप्रिलमध्ये नेट 'आपोआप' बिघडतं. केबलसाठी भिंतीला वेगळं भोक पाडा, बाहेरून आत येताना किंचित वर चढणारं, म्हणजे पाणी आत ओघळणार नाही. आत येण्याआधी केबलला खाली एक झोल ठेवा. आणि पेटी व बेडरूमच्या मधोमध पाण्याने भरलेला लोखंडी कूलर आला, तर वायफायचं काय होईल याचाही विचार पेटीची जागा ठरवतानाच करा.

छतावरून किंवा खांबावरून येणारी केबल काळ्या आवरणाची घ्या. पांढरी केबल घरातल्या भिंतीसाठी असते. उन्हात तिचं आवरण फुटतं. आधाराला आत स्टीलची तार असलेली केबल मजबूत असते, पण आपल्याकडे ती विजेच्या खांबांवरूनच येते. वीजवाहिनीला चिकटली तर ती तार प्रवाह थेट गच्चीपर्यंत आणू शकते. त्यापेक्षा एफआरपीची, म्हणजे काचतंतूच्या काडीची केबल बरी. ती आवळून दुमडली की तुटते एवढं सांभाळा.

या भागात फायबरच्या नावावर विकली जाणारी एक गोष्ट फायबर नसतेच. चौकातल्या डब्यापर्यंत फायबर येतं, तिथे एक छोटा कन्व्हर्टर आणि स्विच असतो, त्याला कुणाच्या तरी घरातून वीज घेतलेली असते आणि पुढे घरोघरी निळी-राखाडी लॅन केबल जाते. ओळखायची खूण: घरात येणाऱ्या तारेच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकचा आठ पितळी पट्ट्यांचा क्लिप असेल, तर ते तांबं आहे. ज्याच्या घरातून वीज घेतली त्याची लाइन गेली की अख्ख्या गल्लीचं नेट जातं (आपल्याकडे 'लाइन गेली' म्हटलं की वीज, त्यामुळे कस्टमर केअरशी बोलताना गोंधळ होतो, जपून). जून-जुलैच्या कडकडाटात वीज जवळ पडली तर स्विच, राउटरचा पोर्ट आणि कधी संगणकाचं लॅन कार्डही जातं. दोनशे रुपये स्वस्त असलं तरी ही जोडणी घेऊ नये.

संध्याकाळच्या रखडण्याचं कारण मात्र खांबावर नसून केबलवाल्याच्या खोलीत असतं. जीपॉनच्या एका पोर्टवर घरांकडे जवळजवळ २.५ जीबीपीएस आणि घरांकडून १.२५ जीबीपीएस अशी क्षमता असते (एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस). चौसष्ट घरांत शंभरचे प्लॅन विकले तरी सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नसल्यामुळे ते निभतं. छोटे चालक बरेचदा स्वस्तातली ईपॉन पद्धतीची यंत्रं लावतात. तिथे दोन्ही दिशांना साधारण एक जीबीपीएस. तेही चालतं. पण आठ पोर्टच्या यंत्रामागे वरची, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडची, जोडणी एकाच जीबीपीएसची घेतलेली असेल, तर तीनशे-चारशे घरं रात्री नऊला एका नळावर रांग लावतात. याचा शोध असा घ्या: वेग मोजायच्या साइटवर आपोआप निवडलेला सर्व्हर त्याच कंपनीचा असतो, तो बदलून मुंबईतला दुसऱ्याचा निवडा. सकाळी सातला एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा, तीन दिवस, लॅपटॉपला तार लावून मोजा. रात्रीचा आकडा निम्म्याहून खाली येत असेल तर वरची जोडणी अपुरी आहे, आणि तुमच्या घरी कितीही पेट्या बदलल्या तरी फरक पडणार नाही. यूट्यूब उत्तम आणि ऑफिसचं व्हीपीएन रखडतंय, असं असेल तरी निदान हेच. लोकप्रिय व्हिडिओंचा साठा जवळच ठेवलेला असतो, बाकी सगळं मुंबईहून यावं लागतं. मुंबईचा पिंग (निरोप जाऊन-येऊन लागणारा वेळ) १५ ते २५ मिलिसेकंद यायला हवा. हजार किलोमीटर फायबरमध्ये प्रकाशालाच जाऊन-येऊन दहा लागतात, त्यामुळे पाचचा दावा कोणी केला तर हसून सोडून द्या, आणि साठ आला तर विचारा की वाट हैदराबादवरून आहे का.

तार लावूनच मोजा हे मुद्दाम सांगतो. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच पेट्यांचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो आणि त्यातून जास्तीत जास्त ९४ मिळतात. अशा पेटीवर दोनशेचा प्लॅन घेणं म्हणजे निव्वळ दान. आणि २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, दोन विटांच्या भिंतींपलीकडे, तीसही नशिबाने.

विजेचं बघू. पेटीला १२ व्होल्ट लागतात आणि ती सहा ते दहा वॅट खाते. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्ट २ अँपिअरचा छोटा यूपीएस, आत २००० एमएएचचे चार सेल असतील तर सुमारे २९ वॅट-तास देतो. तीनेक तास सहज. पेटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन तास धरा. पण तुमची पेटी जागी असून ओएलटीच्या खोलीत इन्व्हर्टर नसेल, तर उपयोग शून्य. म्हणून जोडणीआधी केबलवाल्याला विचारायचा प्रश्न वेगापेक्षा हा: वीज गेल्यावर तुमचं यंत्र किती तास चालतं? उत्तर 'जनरेटर आहे' असं आलं तर तो कधी चालू झाला होता हे शेजाऱ्यांना विचारा.

फायबर नसलेल्या लेआऊटला सध्या एअरफायबरचा पर्याय आहे; जिओची ही सेवा १९ सप्टेंबर २०२३ ला आली, एअरटेलचीही आहे. गच्चीवर डबा, टॉवरवरून फाइव्ह-जी. जामठ्याकडे किंवा बहादुऱ्यापलीकडे जिथे खांबच नाहीत तिथे हा बरा तोडगा. डबा टॉवरच्या दिशेने आणि मधे पाण्याची टाकी किंवा शेजाऱ्याचा नवा मजला न येईल असा लावा. मर्यादा ३३०० ऐवजी बहुधा १००० जीबी, अपलोड कमी, आणि टॉवर सगळ्यांचा असल्यामुळे संध्याकाळी हेलकावे. व्हिडिओ बघणाऱ्या घराला चालेल. रोज पाच तास मीटिंगमध्ये बसणाऱ्याने याला तात्पुरतंच समजावं.

बाहेरच्या तारा का तुटतात, याची यादी इथे लांब आहे. सिमेंट रस्ता, गडरलाइन, पाण्याची पाइपलाइन, यापैकी काहीतरी कायम खोदकामात असतं. खोदण्याआधी केबलवाल्या कंपनीला कळावं म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं, पण गल्लीतला जेसीबी त्याला विचारून बकेट टाकताना दिसत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पुरलेला पाइप सरकतो, खांब कलतो. खारी कातरतात. आणि संक्रांत. जानेवारीत खांबाखांबांवर अडकलेले पतंग आणि नायलॉन मांजा ओढून काढताना बारीक ड्रॉप केबल सोबत येते. दहा-पंधरा जानेवारीच्या सुमारास लाल लाइट लागला तर आधी गच्चीवर जाऊन बघा, मग तक्रार करा.

तक्रार मात्र लाइनमनच्या व्हॉट्सॲपवर करून थांबू नका. कंपनीच्या क्रमांकावर किंवा ॲपवर नोंदवून डॉकेट (तक्रारीचा) क्रमांक घ्या, तो नसेल तर तक्रार झालीच नाही. त्याने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाण्याची सोय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांत आहे. केबलवाला कुणाचा फ्रँचायझी आहे हे पावतीवर लिहिलेलं असावं. बीएसएनएलची फायबरही बऱ्याच ठिकाणी उत्पन्नात वाटा घेणारे भागीदारच घरापर्यंत ओढतात. पावतीवर फक्त केबल नेटवर्कचं नाव असेल तर मूळ परवाना कुणाचा ते विचारा. वर्षाचे पैसे आगाऊ भरून दोन महिने फुकट मिळवण्याची योजना सर्वत्र आहे. एक पावसाळा बघितल्याशिवाय तिच्यात पडू नये. पेटी तुमची की कंपनीची, अनामत किती आणि परत कधी, हेही लिहून घ्या. घरचा कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर आधी विचारा. बहुतेक जोडण्या सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटण्याची पद्धत) असतात, पोर्ट उघडून काही होत नाही, स्थिर आयपीचे वेगळे पैसे लागतात.

आणि ज्या लेआऊटमध्ये काहीच नाही, त्यांनी काय करावं? 'आमच्याकडे फायबर आणा' असा अर्ज धूळ खातो, कारण त्यात मोजायला काही नसतं. कंपनीचा माणूस बघतो तो एवढंच: एका डब्यामागे किती घरं नक्की. म्हणून पानभर कागद करा. लेआऊटचं नाव आणि खसरा क्रमांक, राहती घरं किती, त्यातली जोडणी घ्यायला तयार किती, प्रत्येकाला हवा असलेला प्लॅन, सर्वात जवळच्या चालू डब्याचं अंतर मीटरमध्ये, वाटेतल्या विजेच्या खांबांचे क्रमांक, मधे रेल्वेलाइन किंवा राष्ट्रीय महामार्ग येतो का. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण रुळाच्या एका बाजूला नेट आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, याचं कारण बहुधा तीच वेगळी परवानगी असते. चौदा घरांच्या सह्या असतील तर दोन डब्यांचा हिशेब त्याच्या डोक्यात लगेच बसतो. हाच कागद तीन ठिकाणी द्या, एकाला दिलेला दुसऱ्याला दाखवा.

'परवानगी अडकली आहे' हे उत्तर आलं तर कुणाकडे, हे विचारा: महापालिका, सुधार प्रन्यास, एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), नगरपंचायत की महावितरण. असे अर्ज मे २०२२ पासून केंद्राच्या गतिशक्ती संचार पोर्टलवरून जातात आणि तारा नेण्यासाठीच्या 'मार्गाच्या हक्काचे' नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, म्हणजे अर्जाला क्रमांक असणारच. क्रमांक नसेल तर अर्जही नसावा. नियमितीकरणाच्या ५७२ किंवा १९०० लेआऊटच्या यादीतलं घर आहे, मंजुरी अर्धवट आहे, म्हणून नेट मिळत नाही, असंही कोणी सांगेल. खांबावरून येणाऱ्या तारेला तुमच्या प्लॉटचं नियमितीकरण लागत नाही, रस्ता खोदायचा असेल तर त्या रस्त्याच्या मालकाची परवानगी लागते.

ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्यांसाठी वाट वेगळी. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये (गावांपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना) १,३९,५७९ कोटी रुपये आहेत, पंचायतींना रिंग पद्धतीने जोडायचं आहे आणि पंचायतीखेरीज उरलेली गावं 'मागणीनुसार' जोडायची आहेत. मागणीनुसार हा शब्द तिथे छापलेला आहे, तेव्हा ग्रामसभेचा ठराव करून, वरचाच तक्ता जोडून ती मागणी कागदावर येऊ द्या. रिंगचा फायदा एवढाच की एका बाजूला जेसीबी लागला तर दुसऱ्या बाजूने वाट राहते. पंचायतीपासून घरापर्यंतचा तुकडा मात्र इथेही एकेरीच, आणि वर लिहिलेलं सगळं त्याला लागू.

डबा लागायच्या दिवशी दोघे-तिघे खाली उभे राहा. डबा सावलीच्या बाजूला, जमिनीपासून तीन मीटरच्या वर, केबलची भोकं खालच्या तोंडाने, झाकणाचं रबर जागेवर. आठही पोर्टचा आकडा मीटरवर मोजून झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून घ्या. आणि सात घरांनाच जोडणी द्या, आठवा पोर्ट रिकामा ठेवायला सांगा. उद्या एखाद्याचा पोर्ट गेला तर पाच मिनिटांत तार तिकडे सरकवता येते, आणि आठवं घर आलं की नवा डबा मागायला तुमच्याकडे कारण असतं.